नैनितालला जायचे तर भाऊबीज आटोपून

मुलुंडहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात : ‘घरात आम्ही चौघे. मी, यजमान, दहा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, पण हिमालय डोळ्यांनी पाहायची त्यांची फार वर्षांची इच्छा आहे. सगळ्यांना झेपेल असे ठिकाण म्हणून आम्ही नैनिताल ठरवले. मात्र कधी जायचे यावर घरात एकमत होत नाही. सासूबाई म्हणतात नवरात्रात, मुलाला बर्फ हवा म्हणून तो नाताळ धरून बसला आहे, आणि यजमानांच्या मते मे महिना हाच थंड हवेच्या ठिकाणी जायचा महिना. यंदा मुलाच्या शाळेला ६ ते २२ नोव्हेंबर दिवाळीची सुटी आहे. नैनितालचा खरा चांगला मोसम कोणता, हे कृपया सांगावे.’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातच उत्तर आहे, असे मी म्हटले तर तुम्हाला नवल वाटेल; पण शेवटून दुसऱ्या वाक्यात तुम्ही शाळेच्या सुटीच्या ज्या तारखा सहज लिहून गेला आहात, त्यांच्याइतकी सोयीची गोष्ट नैनितालला जाणाऱ्या दुसऱ्या कोणाजवळ क्वचितच असते. यंदा, म्हणजे २०२६ साली, ज्येष्ठ अधिक आल्यामुळे दिवाळी उशिरा आहे. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि भाऊबीज ११ नोव्हेंबरला. उत्तरेकडच्या शाळा दिवाळीला मोजके दिवस बंद असतात आणि लगेच उघडतात. आपल्या मुंबईच्या मुलांची सुटी त्यानंतरही आठ-दहा दिवस शिल्लक उरते. हे आठ-दहा दिवस नैनितालचे सर्वांत चांगले दिवस आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळी घरी करा, भाऊबीज आटोपा आणि मग निघा.

असे ठामपणे का म्हणते, ते सांगण्यासाठी आधी यजमानांच्या मे महिन्याकडे वळते, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे. पहिल्यांदा मी नैनितालला गेले ती मे महिन्याच्या अखेरीस, आईवडिलांना घेऊन. काठगोदाम हे रेल्वेचे शेवटचे स्थानक. तिथून नैनिताल साधारण पस्तीस किलोमीटर. एरवी दीड तासाचा हा घाट चढायला आम्हाला पाच तास लागले. गावाच्या वेशीवर पोलिसांनी टॅक्सी अडवली, सामान दुसऱ्या गाडीत चढवावे लागले, आणि ज्या हॉटेलने ‘खोलीतून तलाव दिसतो’ असे कळवले होते ते रस्त्यापासून एकशे चाळीस पायऱ्या वर निघाले. तलाव दिसत होता, हे खरे. पण आई पहिल्या दिवशी वर चढली ती दोन दिवस खाली उतरलीच नाही. त्यात हवा इतकी धुरकट की हिमशिखरांचे एकदाही दर्शन झाले नाही. परतीच्या प्रवासात आई एवढेच म्हणाली, ‘हिमालय राहूनच गेला.’ तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत असे होऊ नये, म्हणून हे इतके सविस्तर लिहिते आहे.

त्या धुरकटपणामागे कारण आहे. एप्रिल ते जून या काळात खालच्या मैदानातली धूळ वर चढते आणि कुमाऊंच्या, म्हणजे नैनितालभोवतालच्या डोंगराळ प्रदेशाच्या, चिरपाइनच्या जंगलांत वणवे पेटतात. चिरपाइनच्या वाळलेल्या सुया जमिनीवर थरच्या थर साचतात. तिथे त्यांना पिरूल म्हणतात, आणि एका ठिणगीने ते पेटत जाते. २०२४ च्या एप्रिलमध्ये नैनितालजवळचे वणवे विझवण्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरला भीमतालच्या तलावातून पाणी उचलावे लागले होते. पावसाची चांगली सर येऊन गेली तर मे महिन्यातही एखादी सकाळ स्वच्छ मिळते, पण त्या भरवशावर बहात्तर वर्षांच्या माणसाला एवढ्या लांब न्यावे असे मला वाटत नाही.

गर्दीचे म्हणाल तर दिल्ली तिथून तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि दिल्लीतला उन्हाळा किती कडक असतो ते सांगायला नको. मे महिन्याच्या मध्यावर तिथल्या शाळांना सुट्या लागल्या की शुक्रवारी संध्याकाळपासून गाड्यांची रांग लागते. भवालीजवळच्या कैंचीधामला जाणाऱ्या भाविकांची त्यात भर पडते. १५ जूनला तिथे मोठा मेळा असतो, आणि त्या दिवसांत तो रस्ता टाळलेलाच बरा. गाव लहान, मधोमध तलाव, त्याभोवती डोंगरांचे कडे. गाड्या उभ्या करायच्या तरी कुठे? म्हणून बाहेरच्या गाड्या रूसी बायपास, नारायणनगर अशा ठिकाणी थांबवून लोकांना दुसऱ्या गाड्यांतून आत सोडण्याची वेळ येते.

आणखी एक गोष्ट पर्यटकांच्या लक्षात येत नाही. नैनिताल गाव पिण्यासाठी मुख्यतः याच तलावाच्या पाण्यावर अवलंबून आहे. आपण मुंबईकर जुलैमध्ये धरणांच्या पातळीचे आकडे जितक्या काळजीने वाचतो, तितक्याच काळजीने तिथली माणसे मे-जूनमध्ये तलावाकडे पाहतात. २०१७ च्या उन्हाळ्यात पाणी इतके खाली गेले होते की काठ उघडे पडून गाळाची जमीन वर आली होती. वरच्या अंगाला सूखाताल नावाची एक खोलगट जागा आहे. पावसाळ्यात ती भरते आणि तिचे पाणी जमिनीखालून मुरत मुख्य तलावाला मिळते. त्या जागेवर बांधकामे आणि राडारोडा आला तसा तो झराही आटत गेला. पाण्याची सर्वांत जास्त ओढ असते तेव्हाच आपण हजारोंच्या संख्येने तिथे जाऊन उभे राहावे, हे मला बरे वाटत नाही. मे महिन्याच्या बाजूने सांगण्यासारखे एकच : त्या दिवसांत रस्त्याकडेला टोपल्यांतून काफळ विकायला येतात. लालसर, आंबटगोड, मोठी बी असलेले हे रानफळ टिकत नाही, त्यामुळे ते मुंबईला कधी पोहोचणार नाही. ज्यांना मे महिन्याखेरीज सवडच नाही, त्यांनी पहिल्याच आठवड्यात, दिल्लीच्या सुट्या लागण्याआधी जाऊन यावे.

पावसाळ्याचे तुम्ही विचारलेले नाही, पण सप्टेंबरातल्या स्वस्त खोल्यांच्या जाहिराती तुमच्या पाहण्यात येतील, म्हणून लिहिते. नैनितालचे डोंगर ठिसूळ आहेत. १८ सप्टेंबर १८८० रोजी सलग मुसळधार पावसानंतर उत्तरेकडच्या डोंगराचा मोठा भाग खाली आला आणि १५१ माणसे गाडली गेली. नैनादेवीचे देऊळही त्यात गेले. आजचे देऊळ नंतर बांधलेले आहे. मल्लीतालला, म्हणजे तलावाच्या वरच्या टोकाला, देवळासमोर मुले क्रिकेट खेळतात ते मैदान, ज्याला सगळे ‘फ्लॅट्स’ म्हणतात, ते त्या दरडीच्या मातीने विस्तारलेले आहे. ही केवळ जुनी गोष्ट नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तलावाकाठच्या खालच्या मॉल रोडचा एक तुकडा खचून तलावात गेला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये टिफिन टॉप या टेकडीवरची ‘डोरोथी सीट’ ही प्रसिद्ध बैठक दरडीबरोबर कोसळली. आजी आणि नातवाला घेऊन जुलै ते सप्टेंबर या काळात तो घाट चढू नये.

सासूबाईंच्या नवरात्राला माझा तितका विरोध नाही. यंदा घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि दसरा २० ऑक्टोबरला आहे. पाऊस सरलेला असतो, डोंगर हिरवेगार असतात, आणि नैनादेवीच्या दर्शनाला नवरात्राचे निमित्त त्यांच्या मनाला भावले असणार, हे मी समजू शकते. पण तुमच्या मुलाची शाळा त्या वेळी चालू असेल, आणि दुर्गापूजेच्या सुटीत बंगाली कुटुंबे नेमकी डोंगरात फिरायला निघतात, त्यामुळे खोल्या सहजी मिळत नाहीत. शिवाय ऑक्टोबर आला म्हणजे पाऊस संपलाच, असे समजू नये. १८ आणि १९ ऑक्टोबर २०२१ या दोन दिवसांत कुमाऊंमध्ये असा पाऊस झाला की तलावाचे पाणी मॉल रोडवर आले आणि जिल्ह्यात अनेकांचे जीव गेले. देवीचे दर्शन नोव्हेंबरातही घडेल, आणि रांगेत उभे न राहता घडेल, हे सासूबाईंना अवश्य सांगा.

आता नोव्हेंबरच्या मध्याविषयी. पहिल्या सहलीची रुखरुख मनातून जाईना, म्हणून काही वर्षांनी आईला घेऊन मी पुन्हा गेले, आणि दिवाळी उलटल्यावरच गेले. पहिल्या दिवशी सकाळी सातला मी एकटीच तल्लीतालच्या डांठवर जाऊन उभी राहिले. तलावाच्या खालच्या टोकाला जिथून जास्तीचे पाणी बाहेर सोडतात, त्या बांधाला तिथले लोक डांठ म्हणतात. हवा गार आणि पाणी त्या मानाने उबदार, त्यामुळे पाण्यावरून वाफेचे पांढरे पदर उठत होते. नाववाले नावांच्या लाकडी बाकांवरचे दव फडक्याने पुसत होते. एकाने मला विचारले, बोहनीला येता का. आणि तासाभरात त्या अख्ख्या तलावात आमची आणि आणखी एक अशा दोनच नावा होत्या. पलीकडे मल्लीतालला देवळाची घंटा वाजली ती पाण्यावरून स्पष्ट ऐकू आली. मे महिन्यात याच ठिकाणी मला शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पहाटे टॅक्सी ठरवून आईला किलबरीच्या रस्त्यावर ‘हिमालय दर्शन’ या जागी नेले. गावापासून हे ठिकाण पाच-सहा किलोमीटर आहे आणि गाडी अगदी कठड्यापर्यंत जाते. एकही पायरी चढावी लागत नाही. म्हणून तुम्हीही सासूबाईंना तिथेच न्या, गर्दीच्या ठिकाणांचा आग्रह धरू नका. पावसाने धूळ धुऊन नेलेली असते आणि वारे कोरडे झालेले असतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या सकाळी उत्तरेकडची सगळी रांग एका नजरेत येते. त्रिशूळ (७१२० मीटर) त्याच्या तीन टोकांवरून आईने स्वतःच ओळखला. त्याच्या मागे उजवीकडे नंदादेवी (७८१६ मीटर), तिच्या पुढे नंदाकोट. सूर्य वर येऊ लागला तशी शिखरांच्या टोकावरची गुलाबी कड खाली उतरत पांढरी होत गेली. आईने शालीतून हात बाहेर काढून नमस्कार केला आणि मग बराच वेळ ती काहीच बोलली नाही. नऊ-साडेनऊनंतर दऱ्यांतून ढग वर येऊ लागतात, तेव्हा हे दर्शन सकाळीच घ्यायचे. पहिल्या सकाळी ढग असले तर दुसऱ्या सकाळी जाता यावे, म्हणून तिथे किमान चार रात्री राहावे.

थंडीची भीती बाळगू नका, पण तयारी ठेवा. नैनिताल १९३८ मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर श्वासाचा त्रास सहसा होत नाही. नोव्हेंबरच्या मध्यात दुपारी साधारण पंधरा-सोळा अंश असतात, म्हणजे आपल्याकडे जानेवारीतल्या सर्वांत गार पहाटेइतके. आणि रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, आणि चहूबाजूंनी डोंगर असल्यामुळे गावातले ऊन त्याच्याही आधी जाते. गुडघेदुखीच्या माणसाला हीच वेळ बाधते, तेव्हा चारनंतर सासूबाईंना बाहेर ठेवू नका. खोली घेताना तलावाच्या कोणत्या बाजूला घेता यालाही महत्त्व आहे. मॉल रोडची बाजू, म्हणजे शेर का डांडा डोंगराचा उतार, इथे दुपारचे ऊन येते. समोरच्या अयारपाट्याच्या बाजूला ते मिळत नाही, आणि त्या काठाच्या वाटेला तिथले लोक ठंडी सडक म्हणतात ते उगाच नाही. हॉटेलला फोन करताना ‘तलाव दिसतो का’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत ते आकड्यात विचारा, मग गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते आणि हीटरचे वेगळे पैसे आहेत का ते विचारा, आणि मिळालेले उत्तर लेखी मागवून घ्या. मल्लीताल ते तल्लीताल हा मॉल रोड जवळजवळ सपाट आहे आणि त्यावर रिक्षा मिळते, त्यामुळे मॉल रोडलगत खोली असेल तर सासूबाईंना कोणावर अवलंबून राहावे लागणार नाही.

चारपैकी एक दिवस भीमताल आणि नौकुचियातालसाठी ठेवा. भीमताल आपल्या महाबळेश्वराएवढ्याच उंचीवर आहे, त्यामुळे तिथे ऊब जास्त आणि काठाने चालायलाही सोपे. तुमच्या मुलासाठी आणखी एक सुचवते : कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानाचा ढिकाला विभाग पावसाळ्यानंतर १५ नोव्हेंबरला उघडतो आणि तिकडे जायच्या वाटेवरचे रामनगर नैनितालहून सुमारे पासष्ट किलोमीटरवर आहे. मात्र ढिकालाचे आरक्षण फार आधी करावे लागते, आणि चार दिवसांत दोन्ही कोंबल्यास सासूबाईंची ओढाताण होईल. कालाढुंगीला जिम कॉर्बेट यांचे हिवाळी घर आहे, तिथे आता संग्रहालय आहे. एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे आणि मुलाला ते आवडेल.

या कॉर्बेट कुटुंबाच्या घरांतच नाताळाच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. ते उन्हाळ्यात नैनितालला राहत आणि हिवाळ्यात खाली कालाढुंगीला उतरत. तिथल्या जुन्या वसतिशाळांची मोठी सुटीही हिवाळ्यातच असते. जिथली माणसे थंडीत खाली उतरतात, तिथे आपण आजींना घेऊन वर जावे का, याचा विचार करा. त्यात डिसेंबरअखेर आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात उत्तरेच्या मैदानात दाट धुके पडते, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात आणि दिल्लीची विमानेही रखडतात. ३१ डिसेंबरची गर्दी मे महिन्यासारखीच असते. आणि एवढे करूनही बर्फाची खात्री नाही. बर्फ पश्चिमी झंझावात, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, येईल तसा पडतो; नैनिताल गावात तो पडलाच तर बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, आणि दोन-चार दिवसांत वितळतो. मुंबईहून दोन महिने आधी तिकिटे काढणाऱ्या माणसाने तो दिवस साधायचा कसा? मुलाला बर्फात खेळायचेच असेल तर ती सहल वेगळी करा, पुढेमागे जानेवारी-फेब्रुवारीत गुलमर्गला जा. यंदा त्याला आधीच नीट समजावून सांगा की बर्फ दिसेल, पण लांबून दिसेल. मुले निराश होतात ती आपण मोघम बोलल्यामुळे.

मार्चमध्ये बुरांशाची लाल फुले जंगलभर फुलतात, तो मोसमही सुरेख असतो. पण तुमच्या घरात परीक्षा असतील, तेव्हा तो सासूबाई आणि तुम्ही दोघींनी कधीतरी वेगळा पाहावा.

आता तारखा. नोव्हेंबरच्या प्रवासातला एकच खरा दोष म्हणजे दिल्ली. दिवाळीनंतर तिथली हवा फार खराब असते आणि वृद्धांनी तिच्यात दिवसभर फिरू नये. म्हणून शक्य असेल तर शनिवारी, १४ नोव्हेंबरला, मुंबईहून दुपारच्या विमानाने निघून संध्याकाळी दिल्ली गाठा आणि जुन्या दिल्ली स्थानकावरून रात्री दहाच्या सुमारास सुटणारी राणीखेत एक्स्प्रेस धरा. मुखपट्ट्या जवळ ठेवा. दोन्हीकडे रेल्वेनेच जायचे असेल तर शुक्रवारची राजधानी घ्या आणि मधला दिवस दिल्लीत दर्शने करण्यात न घालवता बंद खोलीत विश्रांती घ्या. राणीखेत एक्स्प्रेस काठगोदामला पहाटे पाचच्या सुमारास पोहोचते. तेव्हा अंधार असतो. स्थानकावर चहा घ्या, उजाडू द्या आणि मग घाट चढा; मुलाला वळणे लागत असतील तर त्याला पुढे बसवा. तुम्ही रविवारी सकाळी वर पोहोचाल आणि शनिवार-रविवारचे पाहुणे दुपारपर्यंत खाली उतरू लागतील. रविवार ते गुरुवार हे दिवस तुमचे. गुरुवारी, १९ तारखेला, रात्रीच्या गाडीने परत निघालात तर शाळा उघडण्याआधी घरी दोन दिवस विसावा मिळेल.

रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या दिवसाआधी साठ दिवस उघडते. १४ नोव्हेंबरच्या राणीखेत एक्स्प्रेसचे आरक्षण १५ सप्टेंबरला सकाळी आठ वाजता सुरू होईल. राजधानी घेणार असाल तर १३ नोव्हेंबरसाठी ते १४ सप्टेंबरला, म्हणजे नेमके गणेश चतुर्थीच्या सकाळी. तुमच्याकडे गणपती बसत असेल तर गडबड असणार, तेव्हा तिकिटाचे काम यजमानांवर आदल्या रात्रीच सोपवून ठेवा, आणि अर्ज भरताना सासूबाईंचे वय बरोबर लिहून त्यांच्यासाठी खालचा बर्थ मागायला त्यांना विसरू देऊ नका.